न्यायमूर्ति तेलंग : न्यायासन आणि माजघर

गेल्या वैशाखांत भिसेगांवच्या आमच्या घरीं सारें कुटुंब जमलें होतें. रात्रीं जेवणें आटोपून मंडळी ओटीवर बसली असतां वाटणीचा विषय निघाला. धाकट्या पुतण्यानें विचारलें, "अण्णाकाका, बाबा आणि तुम्ही एकत्र आहांत. बाबांच्या मनांत नसतां मला माझा हिस्सा मागतां येईल कां?" क्षणभर कोणी बोलेना. माझ्या वडील बंधूंनीं पानाचें तबक दूर सारलें. मीं म्हणालों, "बाळ, नेमक्या याच प्रश्नावर मुंबईच्या हायकोर्टांत पूर्वीं एका मोठ्या पंडितानें सहकाऱ्यांच्या विरुद्ध मत दिलें होतें." त्या पंडिताची, म्हणजे न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांची, कथा त्या रात्रीं सांगितली, तीच येथें वाचकांपुढें ठेवितों.

काशिनाथपंतांचा जन्म ऑगस्ट १८५० मध्यें मुंबईंत एका गौड सारस्वत कुटुंबांत झाला. जन्मदाते वडील बापू रामचंद्र. परंतु चुलते त्र्यंबक रामचंद्र यांनीं दत्तक घेतल्यामुळें ते 'काशिनाथ त्र्यंबक' झाले. एकत्र कुटुंबाचा धर्म त्यांनीं ग्रंथांत वाचण्यापूर्वीं स्वतःच्या नांवांतच अनुभविला होता, असें म्हटलें तरी चालेल. पांचव्या वर्षीं त्यांस अमरचंद वाडींतील मराठी शाळेंत घातलें, आणि १८५९ मध्यें ते एल्फिन्स्टन हायस्कुलांत गेले. तेथें नारायण महादेव तथा मामा परमानंद हे त्यांचे शिक्षक होते. पुढें हेच गुरुशिष्य जिवलग स्नेही झाले. आम्हां शिक्षकांस याहून मोठें वेतन तें कोणतें?

संस्कृताची भगवानदास शिष्यवृत्ति त्यांनीं विद्यार्थिदशेंतच मिळविली. रामायणाची कथा होमरावरून घेतली असावी, असा तर्क वेबर नामक जर्मन पंडितानें मांडला, तेव्हां १८७३ मध्यें, ऐन तारुण्यांत, तेलंगांनीं त्याचें साधार खंडन केलें. त्यांनीं केलेलें भगवद्गीतेचें इंग्रजी गद्य भाषांतर १८८२ मध्यें माक्स म्युल्लर यांच्या ग्रंथमालेंत निघालें. मुद्राराक्षस नाटक त्यांनीं संपादिलें, लेसिंगचें 'नाथान' हें जर्मन नाटक मराठींत आणिलें, आणि सामाजिक तडजोडीवर मराठींत एक निबंधही लिहिला. या शेवटल्या विषयाची आठवण वाचकांनीं ठेवावी.

१८७२ मध्यें ते हायकोर्टाचे अॅडव्होकेट झाले. हिंदु धर्मशास्त्राचा वाद निघाला कीं ते मूळ संस्कृत वचनें उद्धृत करीत; युरोपियन वकिलांस तें सहसा साधत नसे. १८८४ मध्यें ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत गेले. १८८५ मध्यें मेहता व तय्यबजी यांच्यासह त्यांनीं प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली, आणि त्याच वर्षींच्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनांत ते होते. १८८९ त ते हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले. १८९२ त मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरु झाले.

आतां तो खटला. 'आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी' या नांवानें तो १८९२ च्या कायदेअहवालांत छापला आहे. बाप आपल्या बापाशीं किंवा भावांशीं एकत्र असेल, तर त्याच्या संमतीवांचून मुलास वाटणी मागतां येते कीं नाहीं, हा प्रश्न होता. बहुमतानें निर्णय झाला कीं, येत नाहीं. तेलंगांनीं मात्र भिन्न मत नोंदविलें. मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जित मिळकतींत मुलाचें स्वत्व जन्मतःच उत्पन्न होतें. तें बापाच्या मर्जीवर कसें अवलंबून राहील? मुंबई इलाख्यांत निर्णय बहुमताचाच चालला. परंतु घरांतील सर्वांत धाकट्याचाही हक्क असतो, हें शास्त्राच्याच आधारें सांगणारा एक न्यायाधीश त्या पीठावर होता.

आणि घरीं? संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्यानें मुलींची वयोमर्यादा दहांवरून बारा झाली. त्या कायद्याचा तेलंगांनीं जाहीर पुरस्कार केला होता. तरीही आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं स्वतःच्या मुलीचें लग्न कोंवळ्या वयांत करून दिलें. टीकेचा भडिमार झाला. वडीलमाणसांच्या इच्छेपुढें ते नमले, असें त्यांच्या स्नेह्यांचें म्हणणें पडलें. सुधारणा जेथें विरोध कमी तेथून आरंभावी, असें त्यांनीं १८८६ मध्यें व्याख्यानांत प्रतिपादिलें होतें. सर्वांत कठीण विरोध माजघरांत आहे, हें त्यांस शेवटीं कळलें असावें. रानड्यांसारख्या धीरोदात्त पुरुषासही १८७३ मध्यें वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांच्या रमाबाईंशीं विवाह करावा लागला होता. १ सप्टेंबर १८९३ रोजीं तेलंग वारले. त्यांच्या जागीं हायकोर्टांत रानडेच आले.

तेलंगांस हंसणें सोपें आहे. मला तें धाष्टर्य होत नाहीं. परंतु दोष सारा त्यांच्याच माथीं कां मारावा? ज्या वडीलमाणसांनीं त्यांस अडविलें, त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. आणि त्या मुलीचें मत कोणी विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. आज मी व माझे बंधु त्या वडीलमाणसांच्या वयाचे झालों आहों. कर्जतला घाट चढण्यापूर्वीं गाडीस मागून जादा इंजिन जोडतात, तें तिला पुढें लोटण्यासाठीं. वडीलांचें घरांतील काम तसेंच असावें.

कथा संपली तेव्हां पुतण्या म्हणाला, "मग तेलंगांचें मत मला अनुकूल." मीं म्हणालों, "होय; पण २००५ च्या कायद्यानें मुलीही जन्मतःच हिस्सेदार झाल्या आहेत, हें विसरूं नकोस." यावर वडील बंधु कांहींच बोलले नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं माजघराकडे वळून आपल्या मुलीस हांक मारिली : "ताई, तूंही बाहेर ये. हें बोलणें तुझ्यासमोर व्हावयास हवें." ती आली, आणि ओटीवर सर्वांनीं सरकून तिला जागा करून दिली.