कुडाचे घर

कुडाचे घर हा उत्तर कोकणातील शेतकरी व आदिवासी कुटुंबांच्या पारंपरिक घराचा एक प्रकार आहे. पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील चांदीपसारख्या गावांपासून जव्हार-डहाणूच्या डोंगराळ भागापर्यंतचा पट्टा हे त्याचे क्षेत्र होय. कारवीच्या काठ्या जवळजवळ उभ्या लावून त्या आडव्या कामट्यांना बांधतात आणि दोन्ही बाजूंनी माती व शेणाने लिंपतात. या भिंतीला कूड म्हणतात. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते व फुलोऱ्यानंतर वाळते.

रचना

या घरात भिंत छपराचा भार वाहत नाही. तो भार साग किंवा ऐनासारख्या टणक लाकडाच्या, टोकाला बेचके असलेल्या मेढींवर असतो. मेढींवर आढे व आढ्यावरून दोन्ही बाजूंना वासे उतरतात. त्यामुळे कुडाला वाळवी लागली, तरी छप्पर न उतरवता तेवढाच भाग बदलता येतो. पावसाच्या झडीपासून लिंपण वाचावे म्हणून छपराचे पाखे बरेच खाली आणतात. त्यांवर पूर्वी गवत किंवा पेंढा असे, पुढे कौले आली. मंगळूर येथे १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यानंतर मंगळुरी कौलांचा पश्चिम किनाऱ्यावर प्रसार झाला.

पुढे ओटा, आत माजघर व चूल, एका बाजूला गोठा अशी साधारण मांडणी असते. धुराडे नसते. चुलीचा धूर माळ्यावरच्या बियाण्यातून व छपरातून बाहेर पडतो आणि कीड दूर ठेवतो. वारली घरांत गेरूने सारवलेल्या कुडावर विवाहप्रसंगी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. वारली चित्रकलेचे मूळ याच भिंतीत आहे.

तुलना

इंग्लंडमधील मध्ययुगीन शेतघरांचे तत्त्वही हेच होते: ओकचा सांगाडा, त्यात हेझलच्या काटक्यांचे विणकाम व माती, शेण, पेंढ्याचे लिंपण. तेथेही सुरुवातीला धुराडे नसे. आज त्यांपैकी अनेक घरे कायद्याने संरक्षित आहेत.

सद्यस्थिती

महाराष्ट्रात मात्र कूड शासकीय नोंदीत ‘कच्ची भिंत’ ठरतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात कच्ची भिंत व कच्चे छप्पर हा पात्रतेचा एक निकष आहे. दरवर्षीच्या लिंपणातून सुटका होत असल्याने सिमेंटच्या घराला पसंती मिळणे स्वाभाविक आहे. उन्हाळ्यात ते कुडाच्या घराइतके थंड राहत नाही, ही तक्रारही तितकीच खरी. पक्के घर झाल्यावरही मागची पडवी किंवा गोठा अनेकदा कुडाचाच ठेवला जातो.