संस्थेच्या प्रसिद्धीसंबंधी थोडे

प्रसिद्धी हा शब्द आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना फारसा रुचत नाही. ‘आम्ही काम करतो, गाजावाजा करीत नाही,’ असे ते म्हणतात. भावना चांगली आहे. पण गाजावाजा वेगळा आणि माहिती वेगळी. संस्थेची अभ्यासिका आहे हे पलीकडच्या गल्लीतील दहावीच्या मुलाला ठाऊकच नसेल, तर ती खोली आणि तिथले दिवे त्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच.

भगवान बुद्धांनी सारनाथहून पहिल्या साठ भिक्खूंना धम्मप्रचारासाठी पाठविले तेव्हा दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये, असे सांगितले होते. म्हणजे जास्तीत जास्त लोकांपर्यंत कसे पोहोचावे हा विचार आपल्याला नवा नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. महाडच्या सत्याग्रहापाठोपाठ ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ आले, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली त्याच ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. ही नावे एकापाठोपाठ एक वाचून पाहावीत. ध्येय तेच राहिले, पण समाज पुढे सरकला तशी त्याला घातलेली हाकही बदलली. आपल्या कित्येक संस्थांच्या पत्रकांचा मजकूर मात्र पंधरा-वीस वर्षे तोच असतो. फक्त तारीख बदलते.

पत्रकाचेच उदाहरण घेऊ. वर वंदन, त्याखाली अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, मग विशेष उपस्थिती, मग स्वागतोत्सुक म्हणून पंचवीस-तीस नावे, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात वेळ व स्थळ. वाचणाऱ्याला जे हवे तेच शोधावे लागते. नावे गाळली तर माणसे रुसतात हेही खरे. म्हणून ती मागच्या बाजूला छापावीत. दर्शनी बाजूस कार्यक्रम काय, कोणासाठी, कधी, कुठे आणि विचारायचे झाल्यास कोणाला, एवढेच मोठ्या अक्षरात असावे. याला एक पैसा जास्त लागत नाही.

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते. भिंतीवर भली मोठी सूचना लावलेली असते आणि तिच्याखाली उभा राहूनच माणूस विचारतो, ‘साहेब, कागद कोणते लागतील?’ त्याला वाचता येत नाही असे नव्हे. सूचनेत त्याच्या प्रश्नाचे उत्तरच नसते. आपल्या विहाराबाहेरच्या फलकाचेही तसेच आहे. त्यावर शुभेच्छा असतात, अभिनंदन असते. त्याच जागी शिष्यवृत्तीची माहिती का असू नये? वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो. त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला हवा, आणि दाखला हाती पडायला दिवस लागतात. मुदत उलटून गेल्यावर कळले तर त्या घरचे एक वर्ष जाते. पुष्कळदा मुलीचे शिक्षणच थांबते. ज्या फलकावर अशी माहिती वेळेवर लागते, तो फलक लोक येता-जाता वाचू लागतात, आणि मग त्यावर लिहिलेले वर्षावासाचे प्रवचनही वाचतात.

वार्षिक अहवालाबद्दल एकच सांगतो. ‘विविध उपक्रम उत्साहात पार पडले’ या वाक्याने कोणाचेही समाधान होत नाही. अभ्यासिकेत किती मुले बसली, किती पुस्तके घेतली, किती रुपये जमा झाले व किती खर्च झाले, हे आकडे एका पानावर द्यावेत. आकडा लहान असला तरी चालतो. आणि मदतीचे छायाचित्र छापताना, वही हातात घेऊन उभ्या केलेल्या मुलाचा चेहरा छापू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तो उद्या मोठा होणार आहे. छापायचेच तर अभ्यासिकेचे, ग्रंथालयाचे छायाचित्र छापावे.

देणगीच्या बाबतीत चोखपणा हीच मोठी प्रसिद्धी. हल्ली दाराशी क्यूआर कोड लावता येतो, पण तो संस्थेच्या नावाच्या खात्याचाच हवा. खजिनदार कितीही सज्जन असले तरी त्यांच्या वैयक्तिक खात्याचा नको. संस्थेला आयकराची सवलत देण्याची मान्यता असेल तर तसे पावतीवर छापावे. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून २,००० रुपयांवरील रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही, हेही दात्याला आधीच सांगावे. वर्गणी घेतल्यावर पुन्हा पुढच्या वर्गणीलाच भेटायचे, ही आपली पद्धत बरी नव्हे. मध्ये एखादे पोस्टकार्ड किंवा मोबाईलवर चार ओळींचा निरोप जावा: आपल्या पैशातून अमुक पुस्तके आली.

राहता राहिला प्रश्न, हे करणार कोण? फलक लिहिण्याचे काम अभ्यासिकेतील अकरावी-बारावीच्या मुला-मुलींकडे सोपवावे, मजकूर चिटणीसांनी एकदा नजरेखालून घालावा. त्यांचे अक्षर चांगले असते, आणि अर्जाची जी मुदत त्यांनी स्वतः खडूने लिहिली, ती त्याच संध्याकाळी पाच-दहा घरांत पोहोचलेली असते.