एका लाल शेऱ्याची किंमत

१५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याला एक वर्ष झाले त्या दिवशी, टपाल खात्याने गांधीजींची चार तिकिटे काढली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमधल्या कूर्व्हॉझिए छापखान्यातली. तिकिटावर नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत ‘बापू’ लिहिलेले. दहा रुपयांचे तिकीट माझ्या आवाक्याबाहेरचे. पण खालच्या तीन किमतींचे, न वापरलेले दोन संच माझ्या अल्बममध्ये होते. त्यातला एक मी दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन विकायला काढला.

त्या संचातले बारा आण्याचे राखाडी-हिरवे तिकीट उलटे धरले की डिंकावर नखाएवढी पुसट चौकट दिसते. ती हिंजची खूण. हिंज म्हणजे पातळ, डिंक लावलेला कागदाचा इवलासा तुकडा. पूर्वी तो दुमडून एक बाजू तिकिटाला आणि दुसरी अल्बमच्या पानाला चिकटवत. आमच्या आधीच्या पिढीतल्या संग्राहकांची तीच रीत होती. तिकीट सोडवले की डिंकावर हिंजचा माग राहतो. ज्याला कधीच हिंज लागलेली नाही असे तिकीट कितीतरी जास्त भावाने जाते, म्हणून ही खूण न सांगता विकणे ही आमच्या छंदात सरळ लबाडी समजतात. मी वर्णनात लिहिले होते: ‘बारा आणे – मागे हिंजची खूण, डिंक किंचित पिवळसर. मागचा फोटो पाहावा.’ फोटोही दिला होता.

पाकीट पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या नावापुढे लाल खुणेचा शेरा लागला: ‘खोटी माहिती. वापरलेली तिकिटे पाठवली. सावध राहा.’

वापरलेले तिकीट म्हणजे पोस्टाचा शिक्का बसलेले. माझ्या तिन्ही तिकिटांवर शिक्क्याचा ठिपकाही नव्हता. खरेदीदार बहुधा नवखा असावा. हिंजचा माग बघून त्याला वाटले की तिकीट कुठल्यातरी पाकिटावरून सोडवलेले आहे. त्याच्या जागी मी असतो आणि मला हिंज म्हणजे काय हे ठाऊक नसते, तर मीही कदाचित चिडलो असतो. शेरा पडायच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. “निम्मे पैसे परत करा, नाहीतर मी काय लिहायचे ते लिहीन.” मी म्हटले, पूर्ण पैसे परत देतो, तिकिटे परत पाठवा. त्याला ते नको होते.

मी त्या संकेतस्थळाकडे तक्रार केली. दोन दिवसांनी उत्तर आले की या अभिप्रायाने धोरणाचा भंग होत नाही. दुसऱ्यांदा फोटो जोडून लिहिले, तेच उत्तर पुन्हा आले. तेव्हा फार राग आला होता. मागाहून नियम नीट वाचले तेव्हा कळले की माझा प्रश्नच चुकला होता. मी विचारत होतो, ‘हे खरे आहे का?’ ती यंत्रणा बघत होती फक्त, ‘यात नियम मोडला आहे का?’

बहुतेक ठिकाणी कारभार असाच चालतो. ईबेचे नियम जगजाहीर आहेत, म्हणून उदाहरण त्यांचे घेतो. शेऱ्यात शिवीगाळ असेल, कुणाचा पत्ता किंवा फोन नंबर असेल, भलतीच लिंक असेल, मजकुराचा त्या व्यवहाराशी संबंधच नसेल, तर शेरा काढता येतो. खरेदीदाराने पैसेच भरले नसतील तरी काढता येतो. आणि ‘अमुक दे, नाहीतर वाईट लिहितो’ अशी धमकी असेल तर तो सरळसरळ खंडणीचा प्रकार धरला जातो. यादीत हे सगळे आहे. पण ‘खरेदीदाराला वस्तू कळली नाही’ हे कारण कुठेच नाही. माझ्याकडे धमकी होती, पण ती फोनवर. फोनवरचे बोलणे कुणी पुरावा म्हणून धरत नाही. तीच धमकी त्या संकेतस्थळाच्या संदेशपेटीत आली असती तर माझी बाजू उभी राहिली असती. आता कुणाही खरेदीदाराचा फोन आला की मी ऐकून घेतो आणि म्हणतो, कृपया हेच तिथे लिहून पाठवा.

हे असे का झाले, याला इतिहास आहे. पिएर ओमिड्यार यांनी १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ सुरू केले, त्याचेच पुढे ईबे झाले. सुरुवातीला भांडणाऱ्या खरेदीदार-विक्रेत्यांच्या तक्रारी त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर येत. एकट्याने न्याय तरी किती करणार? म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यांनी अभिप्रायाची सोय केली: एकमेकांबद्दल उघड लिहा आणि लोकांना ठरवू द्या. पुढची बरीच वर्षे विक्रेताही खरेदीदाराला लाल शेरा देऊ शकत होता. त्यातून वाईट सवय लागली. तू मला वाईट म्हणालास तर मी तुला म्हणणार, या भीतीने खरेदीदार गप्प बसू लागले. मे २००८ पासून ईबेने विक्रेत्यांचा हा हक्क काढून घेतला. तो निर्णय योग्यच होता असे मी आजही मानतो. पण त्या वेळी एक गोष्ट मागे राहिली. बदला घेण्याची वाट बंद झाली, तरी नाहक शेरा बसलेल्या विक्रेत्याने जायचे कुठे?

एवढ्याशा शेऱ्याचे काय, असे कुणी विचारेल. हिशोब करून पाहा. चांगल्या शेऱ्यांना चांगले-वाईट मिळून एकूण शेऱ्यांनी भागले की टक्केवारी निघते. वर्षात दोन हजार शेरे मिळवणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याला एक लाल शेरा पडला तरी तो ९९.९५ टक्क्यांवर राहतो. माझ्यासारख्याचे वर्षाचे शेरे जेमतेम चाळीस. एका लाल शेऱ्याने मी ९७.५ वर आलो. पुन्हा ९९ टक्क्यांवर यायला आणखी साठ चांगले शेरे हवेत. आणि शेरा लिहायची तसदी प्रत्येक जण घेत नाही. पॉल रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९९९च्या ईबे व्यवहारांचा अभ्यास केला, तेव्हा साधारण निम्म्या खरेदीदारांनीच अभिप्राय दिलेला आढळला आणि त्यातले वाईट शंभरात एकाहून कमी. म्हणजे साठ शेऱ्यांसाठी मला सव्वाशेच्या आसपास व्यवहार करायला हवेत. छंद म्हणून चार तिकिटे विकणाऱ्या माणसाचे दीड वर्ष त्यात जाते. वाईट शेरा इतका विरळा असल्यामुळेच तो पडला की डोळ्यांत भरतो.

याच मंडळींनी पुढे एक प्रयोग केला. तो जुन्या चित्र-पोस्टकार्डांवर होता, म्हणून मला विशेष जवळचा वाटतो. पोस्टकार्डांच्या एका जुन्या, नावाजलेल्या विक्रेत्याने सारख्याच कार्डांचे जोडगठ्ठे केले. एक गठ्ठा आपल्या नावाने विकला आणि दुसरा नव्याने उघडलेल्या अनोळखी नावाने. नावाजलेल्या नावाला ८.१ टक्के जास्त भाव मिळाला. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे कार्ड तेच असूनही नुसत्या नावाची किंमत शेकडा आठ. त्याच प्रयोगात अनोळखी नावांवर एक-दोन लाल शेरे असले तरी भावात फारसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवे. नव्याकडून कुणी फारशी अपेक्षाच ठेवत नाही. पण लुईस काब्राल आणि अली होर्ताचसू यांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात चित्र वेगळे आहे. त्यांनी नाण्यांसारख्या संग्राह्य वस्तूंचे विक्रेतेही तपासले होते. ज्याची विक्री आठवड्याला ५ टक्क्यांनी वाढत होती, त्याची पहिल्या लाल शेऱ्यानंतर ८ टक्क्यांनी घटू लागली. कमावलेले नाव असते त्यालाच धक्का बसतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली तर हे नाव कसे चालते ते दिसते. ‘त्याच्याकडून घे, माल चोख असतो,’ किंवा ‘त्याच्याकडे बघ फक्त, घेऊ नको.’ कुणी खोटी तक्रार केली तर शेजारचे दोघे-तिघे नाणे हातात घेऊन, उलटसुलट करून, काय ते तिथल्या तिथे सांगतात. ऑनलाइन बाजारात नेमके हेच शेजारी नाहीत.

एकदा मात्र ते होते, आणि तेही आपल्या देशात. ईबेने २००४ मध्ये मुंबईचे बाजी डॉट कॉम विकत घेतले आणि भारतात पाय रोवले. २००८च्या अखेरीस ईबे इंडियावर ‘कम्युनिटी कोर्ट’ नावाची सोय सुरू झाली. तिच्यामागे कॉलिन रूल आणि चित्तू नागराजन हे ऑनलाइन तंटे सोडवण्याच्या क्षेत्रातले दोघे जण होते. आपल्यावर नाहक शेरा बसला असे ज्या विक्रेत्याला वाटेल त्याने आपले म्हणणे आणि फोटो तिथे मांडायचे. खरेदीदाराने त्याची बाजू मांडायची. मग त्याच बाजारातले एकवीस अनुभवी सदस्य सोडत काढल्यासारखे निवडले जात. त्यांचा दोघांशी काही संबंध नसे. प्रत्येक जण स्वतंत्रपणे सगळे वाचून कौल देई आणि बहुमत विक्रेत्याच्या बाजूने पडले तर शेरा निघे. चीनमधल्या ताओबाओने २०१२ मध्ये अशीच सदस्यांतून निवडलेल्या पंचांची पद्धत आणली.

माझा संच त्या एकवीस जणांपुढे गेला असता तर? त्यात तिकिटे जमवणारे दोघे जरी असते, तरी मागचा फोटो पाहून त्यांना हिंज क्षणात ओळखू आली असती. बाकीच्यांना वर्णनातली ओळ वाचता आली असती. पण १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबे इंडिया बंद झाले आणि ते दारही बंद झाले.

मग आज हातात काय उरते? ईबेसारख्या ठिकाणी विक्रेता खरेदीदाराला शेरा बदलण्याची विनंती पाठवू शकतो. शेरा पडून तीस दिवस व्हायच्या आत ती करावी लागते, खरेदीदाराला उत्तर द्यायला दहा दिवस मिळतात आणि हजार शेऱ्यांमागे वर्षाला अशा पाचच विनंत्या करता येतात. माझ्यासारख्याने ही संधी फार जपून वापरावी. रागाच्या पहिल्या दिवशी पाठवली तर वाया जाते. आधी तक्रार मिटवावी, पैसे परत करायचे असतील तर करून टाकावेत आणि मग दोन ओळींत विचारावे. पण पैसे देतो, शेरा काढ, असा सौदा मात्र करू नये. तो नियमाबाहेरचा आहे आणि न्यायाने पाहिले तरी चुकीचाच आहे.

शेऱ्याखाली जाहीर उत्तर लिहिता येते. ते त्या खरेदीदारासाठी नसते, पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असते. मी आधी सात ओळींचा संतापलेला मजकूर लिहिला होता. तो खोडून एवढेच ठेवले: ‘तिकिटांवर शिक्का नाही. हिंजची खूण वर्णनात व फोटोत दिली होती. पूर्ण पैसे परत देण्याची तयारी होती व आहे.’

कोर्टाची वाट फार जण सुचवतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, हे खरे. पण प्रामाणिक गैरसमजातून लिहिलेल्या शेऱ्यासाठी कुणाला फौजदारीत ओढणे मला पटत नाही, आणि ते अंगावरही येते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात २०१३ मध्ये वैद्यकीय उपकरणे विकणाऱ्या एका कंपनीने ईबेवरच्या शेऱ्यासाठी ग्राहकावर दावा लावला. पार्सलवर १.४४ डॉलर टपालखर्च जास्त भरावा लागला, एवढेच त्या शेऱ्यात होते आणि ते खरे होते. लोकांचा इतका रोष ओढवला की कंपनीला दावा मागे घेऊन माफी मागावी लागली.

विक्रेत्याची स्वतःची चूक असते तेव्हा तर तोंड उघडायलाही जागा नसते. आमच्यातले काही जण शिवराई किंवा जुना चांदीचा रुपया परदेशी ग्राहकाला विकतात. शंभर वर्षांहून जुने नाणे हे १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. पार्सल अडकले, ग्राहकाने लाल शेरा दिला, तर तो शेरा रास्तच आहे. नाणे लिंबाने चकचकीत करून ‘मूळ स्थितीत’ म्हणून विकणाऱ्याचेही तसेच.

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढले. खोट्या, पैसे देऊन लिहून घेतलेल्या स्तुतीला आळा घालणे हा त्यामागचा मोठा हेतू, आणि ते ऐच्छिक आहे. खोट्या निंदेचाही तितकाच विचार व्हायला हवा. आपल्याकडे ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की एकवीस नाही तर पाच जण नेमा, पण त्या वस्तूतले जाणकार नेमा. नाण्याच्या भांडणात नाणी जमवणारे बसवा, तिकिटाच्या भांडणात तिकिटे जमवणारे. खर्च फार नाही. माझ्या ओळखीचे दहा संग्राहक हे काम फुकट करतील.

तोवर खरेदीदारांना एवढेच सांगतो की वस्तू हाती आली की वर्णन पुन्हा एकदा वाचा आणि काही खटकले तर शेरा लिहिण्याआधी विक्रेत्याला एक दिवस द्या.

माझ्या त्या खरेदीदाराने उत्तर दिले नाही, तिकिटेही परत पाठवली नाहीत. बारा महिने उलटल्यावर तो शेरा टक्केवारीतून गळाला, पण माझ्या नावाखाली तो अजून वाचता येतो. दुसरा संच मी अजून विकलेला नाही. विकायला काढेन तेव्हा पहिला फोटो मागच्या बाजूचा असेल.