सीलँड : जवळच्या बंदरांची शिपिंग लाइन

उत्तर, मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या आपसातल्या मालासाठी वेगळी शिपिंग लाइन काढत असल्याचं २०१४ साली डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीने जाहीर केलं. त्या वेळी कंटेनर वाहतुकीत मर्स्क जगात पहिल्या क्रमांकावर होती. नव्या लाइनचं नाव सीलँड, मुख्य कार्यालय फ्लोरिडातल्या मिरामारला, आणि कामाचा मुहूर्त जानेवारी २०१५. मर्स्कच्या बोटी या किनाऱ्यांवर आधीपासून येतच होत्या. मग निराळं नाव, निराळं कार्यालय आणि निराळी माणसं कशासाठी?

मोठ्या जहाजाचा हिशोब पाहिला की कारण कळतं. २०१३ मध्ये मर्स्कने ‘ट्रिपल-ई’ वर्गातली पहिली बोट आशिया-युरोप मार्गावर आणली. लांबी ४०० मीटर, पोटात वीस फुटी मापाचे १८ हजारांहून अधिक कंटेनर. अशी बोट काठोकाठ भरली, मोजक्याच बंदरांना लागली आणि आठवडेच्या आठवडे चालत राहिली, तरच प्रत्येक कंटेनरमागे खर्च वाचतो. लहान बंदरात तिला पुरेशी खोली मिळत नाही, तिथल्या क्रेनचे हातही तिच्या पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचत नाहीत.

जवळच्या समुद्रात हे गणित उलटं होतं. प्रवासच दोन-चार दिवसांचा, त्यामुळे वेळ आणि पैसा जातो तो धक्क्यावर, कस्टममध्ये आणि ट्रकच्या रांगेत. होंडुरासच्या कारखान्यांत अमेरिकेतून सूत येतं आणि तयार टी-शर्ट तिकडेच परत जातात. अशा गिऱ्हाईकाला बोट किती मोठी आहे याच्याशी देणंघेणं नसतं. ती दर आठवड्याला ठरल्या वारी सुटते का, आणि कंटेनर बंदरात पोहोचवायची शेवटची वेळ पाळता येण्याजोगी आहे का, एवढंच त्याला हवं असतं. लांब पल्ल्याच्या रेल्वेचं वेळापत्रक आखणाऱ्याने तालुक्याच्या एसटीच्या फेऱ्या आखायला घेतल्या, तर त्याला कामाची रीतच बदलावी लागेल. मर्स्कने त्यासाठी घरच वेगळं केलं.

ही निकड केळ्याच्या प्रवासात सर्वांत जवळून दिसते. मध्य अमेरिकेतल्या बागांत घड हिरवाच कापतात, फण्या सुट्या करून धुतात आणि साधारण १८ किलोच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरतात. चाळीस फुटी शीतकंटेनरमध्ये, म्हणजे रीफरमध्ये, अशी १,०८० खोकी बसतात. तापमान १३-१४ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावं लागतं. फार उतरलं तर साल काळवंडते, चढलं तर फळ वाटेतच पिकायला लागतं. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची खोकीही पिकवतो, म्हणून रीफरची हवेची झडप ठरावीक मापाने उघडी ठेवतात. ट्रकवर जनरेटर, धक्क्यावर विजेचा प्लग, बोटीवर पुन्हा प्लग, असा हा साखळीचा प्रवास. बागेतली कापणी बोटीच्या वारावर ठरते. बोट लांबली की तिचा फटका थेट बागेपर्यंत जातो.

सीलँड हे नाव मात्र नवं नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनातले ट्रकमालक माल्कम मॅक्लीन १९५० च्या दशकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या महामार्गांवरील वाहतूक कोंडीने हैराण झाले होते. ट्रकच्या मालाच्या पेट्याच बोटीवर चढवून किनाऱ्याकिनाऱ्याने न्याव्यात, ही त्यांची कल्पना. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ ही फेरफार केलेली तेलवाहू बोट ५८ कंटेनर घेऊन नूअर्कहून ह्यूस्टनला निघाली. सुटा माल बोटीत चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८३ सेंट लागत. या बोटीवर तोच खर्च १६ सेंटांच्या आत आला. १९६० मध्ये मॅक्लीन यांच्या कंपनीचं नाव सी-लँड झालं आणि १९६६ मध्ये तिची ‘फेअरलँड’ अटलांटिक ओलांडून रॉटरडॅमला गेली. सारं जग जोडणारी ही पेटी मुळात जवळच्या बंदरांच्या सोयीसाठी निघाली होती.

पुढे १९९९ मध्ये मर्स्कने सी-लँडचा आंतरराष्ट्रीय व्यवसाय सुमारे ८० कोटी डॉलरला विकत घेतला. अमेरिकेतला किनारी व्यवसाय मात्र सीएसएक्स या जुन्या मालकाकडेच राहिला, कारण १९२० च्या जोन्स कायद्यानुसार अमेरिकेच्या दोन बंदरांमधला माल तिथेच बांधलेल्या, तिथल्याच मालकीच्या जहाजांनी न्यावा लागतो. त्यामुळे २०१५ च्या सीलँडला ‘आयडियल एक्स’चा मूळ मार्ग कायद्यानेच बंद होता. तिने देशादेशांमधला माल धरला.

सीलँडला दोन भावंडं होती. आशियात सिंगापूरहून चालणारी एमसीसी ट्रान्सपोर्ट आणि युरोप-भूमध्य भागासाठीची सीगो लाइन. २०१८ मध्ये तिन्ही लाइनना सीलँड हेच नाव मिळालं. पण एकाच गिऱ्हाईकाने कारखान्यापासून गोदामापर्यंतचं सगळं काम एका छत्राखाली द्यावं, हे धोरण मर्स्कमध्ये बळावलं आणि जानेवारी २०२३ मध्ये सीलँड हे नाव मर्स्कमध्ये विलीन करण्याचा निर्णय जाहीर झाला. पाटी उतरली, तरी जवळच्या मालाची गरज तशीच आहे. ती सांभाळणारी माणसं मोठ्या घरात विखुरली, तर नुकसान लहान गिऱ्हाइकाचं होईल.

हा प्रश्न आपल्याही किनाऱ्याचा आहे. न्हावा-शेव्याला मर्स्क समूह आणि भारत सरकारची कंटेनर कंपनी कॉन्कॉर यांच्या भागीदारीतलं टर्मिनल २००६ पासून चालू आहे. महाराष्ट्रातली केळी रीफरमधून आखाती देशांकडे जातात, तोही जवळच्याच समुद्राचा व्यापार. २०१८ मध्ये परदेशी जहाजांना आयात-निर्यातीचे ट्रान्सशिपमेंट, म्हणजे वाटेत बोट बदलणारे, कंटेनर भारतीय बंदरांदरम्यान परवान्याशिवाय नेण्याची सूट मिळाली आणि २०२५ मध्ये किनारी वाहतुकीसाठी स्वतंत्र कायदा झाला. पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली, ती प्रामुख्याने महाकाय जहाजांसाठी. त्या धक्क्यांच्या आराखड्यासोबतच लहान बोटींना कोणत्या वारी जागा मिळेल आणि रीफरसाठी किती प्लग राखले जातील, हेही आताच ठरायला हवं.