एजन्सीचा आकडा, रुग्णाचे बिल

ओळखीच्या एका दंतवैद्यांनी मार्केटिंग एजन्सीचा कागद दाखवला: ‘आमच्या जाहिरातींमुळे एका दवाखान्याला तीन महिन्यांत ३०० नवे रुग्ण.’ मी त्यांना १९४८ साली प्रसिद्ध झालेला क्षयरोगाचा प्रयोग सांगितला. ब्रिटनमध्ये ५५ रुग्णांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन दिले, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. औषधाविनाही काही जण सुधारले होते. तुलनेला दुसरा गट होता, म्हणूनच औषधाचे श्रेय नेमके कळले.

जाहिरातीलाही हीच कसोटी लावावी. ३०० पैकी नुसते फोन किती, प्रत्यक्ष तपासायला आले किती, उपचार पूर्ण केले किती? गेल्या वर्षी याच महिन्यांत किती आले होते? शाळांच्या सुटीमुळे गर्दी वाढली असेल, तर श्रेय सुटीचे. ओळखीतून आलेलेही यात धरले का? आणि एजन्सीच्या बाकीच्या दवाखान्यांचे काय झाले? एकाच दवाखान्याचा आकडा छापला असेल, तर हे विचारायलाच हवे.

प्रश्न फक्त दंतवैद्यांचा नाही. जाहिरातीचा खर्च शेवटी रुग्णाच्या बिलात येतो. तो वसूल करण्याच्या दडपणाखाली, नुसत्या फिलिंगवर भागणाऱ्या दातालाही रूट कॅनाल सुचवले जाऊ शकते. त्यामुळे ‘हजारो समाधानी रुग्ण’ वाचून दवाखाना निवडू नका. हा उपचार कशासाठी, दुसरा पर्याय कोणता, खर्च किती, हे विचारा. न चिडता, सावकाश समजावून सांगणारा डॉक्टर मिळाला, तर पाटी लहान असली तरी चालेल.