आवेणिक दुःखे आणि ऋतुसमाप्तीचा काळ

संयुत्तनिकायातील मातुगामसंयुत्तात स्त्रीच्या पाच ‘आवेणिक’ दुःखांचा, म्हणजे पुरुषाच्या वाट्यास न येणाऱ्या दुःखांचा, निर्देश आहे. कोवळ्या वयात आप्तांना सोडून पतिगृही जाणे, ऋतुमती होणे, गर्भ धारण करणे, प्रसूत होणे आणि पुरुषाची सेवा करावी लागणे ही ती पाच होत. ऋतूचे दुःख या यादीत आले. ऋतू संपतानाचे मात्र आले नाही. त्याबद्दल प्राचीनांना दोष देण्याचे कारण नाही, कारण आजही आपल्या घरांत त्या काळाची बोळवण ‘आता वय झालं’ एवढ्यावरच होते.

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी 46व्या वर्षाच्या आसपास जाते. पाश्चात्त्य देशांत हेच वय 51च्या सुमारास असते. पाळी कायमची थांबण्याआधी काही वर्षे अंडाशयातील संप्रेरकांचे प्रमाण अनियमितपणे चढउतार करू लागते. अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, छातीत धडधड, विसराळूपणा ही लक्षणे त्यातून उद्भवतात. या संप्रेरकांचा संबंध मेंदूतील भावनांच्या नियमनाशीही आहे. म्हणून या काळात मन खचते ते केवळ स्वभावाने नव्हे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 2024 मध्ये 7 अभ्यासांतील 9,141 स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. पाळी नियमित असलेल्या स्त्रियांपेक्षा या संक्रमणकाळातील स्त्रियांत नैराश्याचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी अधिक आढळला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पाळी जाणे हे आत्महत्येचे कारण नव्हे. बहुसंख्य स्त्रिया हा काळ सुखरूप ओलांडतात. परंतु पूर्वी, विशेषतः बाळंतपणानंतर, नैराश्य आलेले असेल, घरात मारहाण असेल, कर्ज असेल, महिनोन्‌महिने झोप नसेल, तर हा काळ त्या साऱ्या भाराखाली शेवटची काडी ठरू शकतो.

धाराशिव जिल्ह्यात या काळाला आणखी एक वेदनादायक वळण आहे. भूम, वाशी, कळंब या भागांतून दरवर्षी ‘कोयते’ ऊसतोडीस जातात. एक कोयता म्हणजे नवराबायको दोघे. एकीचा खाडा झाला तर दोघांची मजुरी बुडते, दंडही बसतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये राज्यशासनाच्या समितीने पाहणी केली, तेव्हा 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे सुमारे दर सहांमागे एक. पिशवीबरोबर अंडाशयही काढले गेले असेल, तर इतरत्र काही वर्षांत होणारा बदल काही दिवसांत कोसळतो. तिशीतली बाई एकाएकी पन्नाशीच्या शरीरात जाते. अंडाशय ठेवले असले तरी त्यांचे कार्य पुष्कळदा वेळेआधी मंदावते. म्हणून आपले नेमके काय काढले, हे विचारण्याचा आणि कागद जवळ ठेवण्याचा प्रत्येक स्त्रीस अधिकार आहे. आमच्या मते हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

आपल्या जिल्ह्यास आत्महत्या हा विषय नवा नाही. 2015 मध्ये यवतमाळबरोबर येथेच बळीराजा चेतना अभियान सुरू झाले. परंतु त्या अभियानाच्या नावातच शेतकरी पुरुष उभा आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेली, जन्मभर शेतात राबलेली स्त्री नोंदीत बहुधा ‘गृहिणी’ ठरते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2021च्या अहवालात आत्महत्या केलेल्या 45,026 स्त्रियांपैकी 23,178 गृहिणी होत्या. त्यांचे वय, त्यांची पाळी, त्यांची झोप यांविषयी तो रकाना काहीच सांगत नाही.

‘जगावंसं वाटत नाही’, ‘माझा कुणाला काय उपयोग’ असे उद्‌गार कानी आले, तर ‘बाई, तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत खोटी आहे. विचारल्याने बहुधा ओझे हलके होते. अशा वेळी तिला एकटे ठेवू नये, आणि फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात ठेवावीत. रक्तक्षय आणि थायरॉईड यांची तपासणी करावी, कारण त्यांची लक्षणे नैराश्यासारखीच दिसतात. समुपदेशन, मनावरील औषधे आणि योग्य त्या स्त्रीस डॉक्टरांच्या देखरेखीखाली संप्रेरके, हे उपचार उपलब्ध आहेत. ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. पोलिसांच्या भयाने प्रयत्न लपवणाऱ्या कुटुंबांनी हेही ध्यानी घ्यावे की, 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा व्यक्तीस तीव्र ताणाखाली असल्याचे मानले आहे. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेतील जुने कलम 309ही राहिलेले नाही.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारांत ग्रंथवाचनास बसणाऱ्या उपासिकांत चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. वर्षावास संपतो आणि थोड्याच दिवसांत कोयते गावाबाहेर पडतात. आशाताई किंवा आरोग्यकेंद्रातील डॉक्टरांस विहारात बोलवायचे असेल, तर ते त्या पौर्णिमेपूर्वीच बोलवले पाहिजे.