तांबडी माती करडी कशी होते?

लावणीला महिना झाला की कोकणातल्या एखाद्या भातखाचरात हात खोल घाला आणि तळची मूठभर माती वर काढा. बरेचदा ती करडी, जराशी निळसर निघेल. मग बांध ओलांडून वरकसावर चढा आणि नाचणीच्या ओळींत कुदळ मारा. इथली माती लालभडक! खरं तर दोन्हींचं मूळ एकच, जांभा. खाचरातली माती तर पावसापावसाने वरकसावरूनच उतरलेली असते. फरक पडला तो साचलेल्या पाण्याने. भाताला पाणी लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तेच पाणी मातीचं रसायन बदलून टाकतं आणि तिच्यात कोणी जगायचं तेही ठरवतं, हे फारसं कोणी सांगत नाही.

लोखंडावर जगणारे

ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे 10,000 पट सावकाश तो पाण्यात पसरतो. त्यामुळे खाचर भरलं की आत अडकलेला ऑक्सिजन जंतू एखाद्या दिवसात फस्त करतात. म्हणून सगळेच मरतात असं नाही. गॅस संपला की स्टोव्ह, रॉकेल संपलं की चूल, तशी त्यांची सोय असते. ऑक्सिजन नाही तर नायट्रेट, मग मँगनीज, मग लोखंड, मग सल्फेट आणि अगदी शेवटी कार्बन डायऑक्साइड. दर पायरीला हाती लागणारी ऊर्जा घटत जाते.

यातली लोखंडाची पायरी डोळ्यांना दिसते. जांभ्याची लाली म्हणजे गंजलेलं लोखंड. जंतू त्याला इलेक्ट्रॉन देतात, ते विरघळतं आणि लाली उतरते. सल्फेटची पायरी नाकाला कळते, कारण चिखलातून सडक्या अंड्यांचा वास येतो. पायऱ्यांची ही घसरण इलेक्ट्रोड खुपसून मोजली तर हवा खेळणारी वरकस माती 400 मिलिव्होल्टच्या वर असते. मुरलेलं खाचर उणे 200 च्याही खाली जातं.

सामू सातापाशी

जांभ्याची माती आम्लधर्मी, चुनखडीची विम्लधर्मी. दोन्ही काही आठवडे पाण्याखाली ठेवा, दोघींचा सामू साडेसहा ते सातच्या आसपास येऊन थांबतो. लाल मातीत लोखंड विरघळताना आम्लता खर्ची पडते. चुनखडीच्या मातीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड सामू खाली ओढतो. श्रीलंकेचे एफ. एन. पोन्नम्पेरुमा यांनी फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत या विषयाची घडी बसवली. बुडालेल्या मातीच्या रसायनावरचा त्यांचा 1972 चा दीर्घ लेख आजही अभ्यासकांना टाळता येत नाही.

माती परीक्षणाचा नमुना मात्र सावलीत वाळवून पाठवतात. अहवालातला सामू असतो कोरड्या मातीचा आणि भाताची मुळं राहतात भरलेल्या खाचरात. खाचराचा अहवाल हे लक्षात ठेवून वाचायला हवा.

वर बुरशी, खाली रसायन

मला या सगळ्यात जास्त भावते ती स्फुरदाची गोष्ट. लाल मातीत स्फुरद असतो, पण लोखंडाने तो घट्ट धरून ठेवलेला असतो. वरकसावरच्या नाचणीच्या मदतीला तिथे बुरशी येते. तिचे केसाहून बारीक धागे मुळांपासून लांबवर पसरतात, स्फुरद गोळा करून आणतात आणि बदल्यात पिकाकडून साखर घेतात. या बुरशीला हवा लागते, त्यामुळे भरलेल्या खाचरात तिचं फारसं चालत नाही. पण तिथे तिची गरजही कमी असते. लोखंड विरघळलं की त्याने धरलेला स्फुरद आपोआप सुटतो! एकच गरज, दोन वाटा, आणि मध्ये फक्त एक बांध.

जस्ताचं नेमकं उलटं. पाणी साचलं की ते मिळेनासं होतं. तराई भागात भाताची पानं तांबूस, गंजल्यासारखी करणारा ‘खैरा’ हा रोग जस्ताच्या कमतरतेचा आहे, हे 1960 च्या दशकात पंतनगरला यशवंत लक्ष्मण नेने यांनी ओळखलं. जंतुनाशकाने जे साधलं नसतं ते झिंक सल्फेटने साधलं.

नत्र खोल पुरा

भरल्या खाचरात नायट्रेटचं खत टाकलं तर जंतू ते श्वासासाठी वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. म्हणून भाताला नत्र अमोनियाच्या रूपात द्यायचा आणि हवा पोचत नाही इतक्या खोल ठेवायचा. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतली युरिया-डीएपी ब्रिकेट हेच करते. चार चुडांच्या चौकोनात मधोमध एक गोळी, बोटाने 7 ते 10 सेंटिमीटर खोल दाबलेली. तिथे ऑक्सिजनच नाही, मग अमोनियाचं नायट्रेट होणार कसं?

मुळांना गंज

भाताचा चूड उपटून पाण्यात धुवा. कोवळी टोकं पांढरी, जुनी मुळं गंजकट तांबडी. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. पानांकडून ऑक्सिजन त्यातून खाली येतो, थोडा मुळाबाहेर झिरपतो आणि विरघळलेलं लोखंड तिथल्या तिथे पुन्हा गंजतं. मुळं काळी निघाली तर मात्र सावध व्हा, तिथे सल्फाइड माजलं आहे.

पाण्यावर कधी इंद्रधनुषी तवंग दिसतो आणि डिझेल सांडल्याची शंका येते. काडीने टोचून पाहा. काचेसारखे तुकडे झाले तर तो लोखंडाचा. लगेच मिटून पुन्हा सलग झाला तर तेलाचा.

कोण कुठे राहतं

पहिल्या पावसाचा मातीचा वास मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जंतूंच्या जिऑस्मिनचा. ही मंडळी हवा खेळत्या मातीतली, गांडुळांच्या शेजारची. खाचरात पाण्याच्या उजेडातल्या थरात नील-हरित शेवाळ असतं आणि ते हवेतला नत्र बांधतं. भारतातल्या भातशेतीत हे काम शेवाळच करतं, असं पी. के. डे यांनी 1939 मध्ये दाखवलं. अझोला नावाचं तरंगतं नेचं तर असे नत्र बांधणारे जीव आपल्या पानांतच बाळगतं.

तळाशी मिथेन बनवणारे आर्किया. ते दिसतात जंतूंसारखे, पण त्यांची वंशशाखाच वेगळी, हे 1977 मध्ये कार्ल वूझ यांच्या कामातून कळलं. त्याच्या दोनशे वर्षं आधी, 1776 मध्ये, अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी इटलीतल्या माज्जोरे सरोवराचा गाळ काठीने ढवळून वर आलेले बुडबुडे गोळा केले होते. तो हाच वायू! माणसाच्या उद्योगांतून निघणाऱ्या मिथेनपैकी दहा टक्क्यांच्या आसपास भातशेतीतून येतो, आणि त्यातला बहुतेक भाग बुडबुड्यांनी नाही, तर भाताच्या त्याच पोकळ नळ्यांतून वर निघतो. कालव्यावरच्या उन्हाळी भातात मधूनमधून पाणी ओसरू दिलं तर तो बराच घटतो. कोकणच्या आषाढात ते कसं जमावं, हा प्रश्न उरतोच.

पाणी ओसरू देतानाही धान्यात काय उतरेल ते पाहावं लागतं. खाचर भरलेलं असेल तर लोखंडाबरोबर आर्सेनिक सुटतं, हा बंगालचा घोर. सुकलं तर कॅडमियम मोकळं होतं. जपानमधल्या तोयामाला जिंझू नदीकाठी कॅडमियमच्या भाताने लोकांची हाडं ठिसूळ केली. म्हणून तिकडे लोंबी फुटायच्या सुमारास शेतात पाणी राखतात.

खाजनाचा दबलेला राग

समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. भरती-ओहोटीच्या चिखलात त्याचं आणि लोखंडाचं मिळून पायराइट तयार होतं. पाण्याखाली ते निरुपद्रवी. अशा जमिनीचं पाणी काढून ती खोलवर सुकू दिली की हवा शिरते, पायराइटचं गंधकाम्ल होतं आणि सामू चारच्याही खाली घसरतो. ॲल्युमिनियम विरघळून मुळं जाळतं, आणि पहिल्या पावसाबरोबर ते आम्लपाणी ओहोळात उतरलं की मासे मरतात. केरळच्या कुट्टनाडमधल्या काळ्या ‘करी’ जमिनी याच जातीच्या. गोव्याच्या खाजनांत आणि आपल्या खारजमिनींत भराव घालण्याआधी किंवा चर खणण्याआधी तळचा चिखल तपासून घ्यायला हवा. एकदा आम्ल सुटलं की ते मारायला चुना गाड्यागाड्यांनी लागतो.